देवांची फळी

पन्नाशी उलटल्यावर मी ड्रेस्डेनमधल्या एका संध्याकाळच्या वर्गात प्राचीन ज्यू इतिहास शिकू लागले. मी सहसा मागच्या बाकावर बसते. चारचौघांत जर्मन बोलायचे म्हटले की अजूनही वाक्य आधी मनात जुळवून पाहते. त्या शुक्रवारी मात्र हाग्गय या हिब्रू संदेष्ट्याविषयी बोलण्याची पाळी माझी होती.

जमेल तसे सांगितले. बॅबिलोनच्या बंदिवासातून मायदेशी परतलेले ज्यू आता इराणी बादशहाची प्रजा होते. स्वतःचा राजा नव्हता; सर्वांना बांधून ठेवील असे एक मंदिर होते, आणि ते उद्ध्वस्त पडले होते. ते पुन्हा उभारण्याची परवानगी बादशहाकडून केव्हाच मिळाली होती, तरी काम वर्षानुवर्षे रखडले. हाग्गयपाशी ना सत्ता होती, ना सैन्य. त्याने सुभेदाराला, मुख्य याजकाला आणि लोकांना तोंडावर जाब विचारला, आणि काम सुरू झाले.

“आल्झो, म्हणजे परवानगी होती,” शिक्षिका म्हणाल्या. “मग अडले कुठे?”

“शेजाऱ्यांचा विरोध होता. शिवाय लोक म्हणत, अजून वेळ आलेली नाही. तोवर त्यांनी स्वतःची घरे मात्र लाकडाने सजवून घेतली होती.”

“गेनाऊ! अगदी बरोबर!” त्या हसल्या. मला हसता आले नाही.

सासूबाई सांगलीचे घर बंद करून आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा घरचे देव त्यांनी फराळाच्या डब्यात घालून आणले होते. देवांसाठी भिंतीवर फळी लावायची होती. भाड्याच्या घरात भोके पाडायची तर मालकाला विचारायला हवे, असे मी त्यांना सांगितले. मालकाने लगेच होकार दिला. त्याच आठवड्यात आम्ही स्वयंपाकघरातली कपाटे बसवली, आणि नंतर माझ्या पुस्तकांसाठी भिंतभर मांडणी. “आई, तुमची फळी पुढच्या शनिवारी,” असे मी म्हणत राहिले. त्या रोज खिडकीच्या कट्ट्यावर पूजा करत; हवा खेळावी म्हणून मी खिडकी उघडायला आले की मुकाट्याने देव पुसून डब्यात ठेवत.

वर्गाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ड्रिल काढले.

“अगं, आज एकदम काय अंगात आलं?”

“आई, फार उशीर झाला.”

फळी लागली. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. सांगलीचे त्यांचे देवघर सागवानी, कोरीव होते. जुने मंदिर पाहिलेल्या वृद्धांना नवे अगदीच किरकोळ वाटले होते, हे वर्गात सांगायचे माझ्याकडून राहिले होते.

“वाकडी बसली आहे गं,” त्या म्हणाल्या. “बाळकृष्ण रांगत खाली यायचा.”

“काढून पुन्हा बसवते.”

“नको बाई! आता काढलीस तर परत कधी लागायची?”

त्यांनी रुमालाची घडी बाळकृष्णाखाली सरकवली आणि हात जोडले. रिकामा डबा घासायला टाकावा म्हणून मी उचलला, तर त्यांनी तो माझ्या हातून घेतला, पदराने पुसला आणि आपल्या उशाशी ठेवला.

“असू दे जवळ,” त्या म्हणाल्या.

पुन्हा देव घेऊन निघायची वेळ आली तर म्हणून का, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.