पुराव्याची टॉफी

कोल्हापुरातल्या लोकचळवळीचं सगळ्यात जास्त नुकसान कुणी केलं, असं मला कुणी विचारलं तर मी काळ्या बाजारवाल्यांचं नाव घेणार नाही. पुढाऱ्यांचंही नाही. मी सरळ आमच्या शेजारच्या अक्कांकडे बोट दाखवीन. काळा बाजारवाला निदान आपल्याला घाबरून शटर तरी ओढून घेतो. अक्का दार सताड उघडं टाकून बसायच्या आणि घोषणा द्यायला निघालेल्या माणसाच्या तोंडात टॉफी कोंबायच्या. तोंड बंद झालेल्या माणसाच्या घोषणा कोण ऐकणार?

ही टॉफी म्हणजे दुकानात कागदात गुंडाळून मिळते ती नव्हे. बेळगावात सुनेच्या माहेरी कुणा शिकल्यासवरल्या बाईनं ती करून दाखवली, आणि तेव्हापासून अक्कांना दुसरा पदार्थ सुचेनासा झाला. मोठ्या ताटाला लोणी फासायचं. त्यात खारी बिस्किटं कडेला कड लावून अशी मांडायची की फरशी बसवणाऱ्या गवंड्यानं बघत राहावं. लोणी आणि साखर तपकिरी होईतो उकळायची, तो पाक बिस्किटांवर ओतायचा, आणि गरम आहे तोवर त्यावर चॉकलेटच्या वडीचे तुकडे टाकायचे. ते वितळले की उलथन्यानं सारवायचं, ताट गार पाण्याच्या परातीत ठेवायचं आणि घट्ट झाल्यावर बत्त्यानं फोडायचं. पोर करील इतकं सोपं. पण अक्का ते एकट्यानं कधीच करत नसत. पाक ढवळायला त्यांना रस्त्यावरचा माणूस लागे. एकदा पोस्टमन टपालाची पिशवी गळ्यात तशीच ठेवून त्यांच्या चुलीपाशी पाक ढवळताना मी स्वतः पाहिला आहे. गल्लीची पत्रं त्या दिवशी दुपारनंतर मिळाली. मी तक्रार केली तर म्हणाल्या, "पत्रं काय करपत्यात व्हय रं? पाक करपतोय."

बिस्किटं आणायला गेल्या की बेकरीवाल्या चाचांना दर खेपेला एकच प्रश्न. "अंडं न्हाय न्हवं ह्यात?" चाचा कपाळाला हात लावून म्हणत, "अक्का, तुमच्यासाठी कोंबडी बी गल्लीतनं हाकलली आता!" अक्का धर्मानं जैन, आणि धर्म पाळायच्या त्या मनापासून. पाणी दुहेरी फडक्यातनं गाळलेलं, जेवण दिवस मावळायच्या आत, आणि पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून चालणं असं, की सोबतच्या माणसानं दोनदा चहा पिऊन यावं.

आमच्या ग्राहक समितीच्या बैठका त्यांच्याच सोप्यात होत, कारण जागा फुकट होती. एका बैठकीत मी दुकानदारांच्या घेरावाचा ठराव मांडला. निम्मे सभासद विरोधात होते. तेवढ्यात ताट फिरलं. टॉफी दाढांना अशी बसली की बराच वेळ कुणाला जबडा उघडता येईना. अध्यक्षांनी मान हलवली आणि ठराव एकमतानं मंजूर झाला. माझ्या बाजूचा ठराव होता, तरी मला संताप आला. लोकशाही ही अशी चिकटवायची वस्तू आहे काय?

पण खरा घात केला तो साखरेच्या वेळी. इथून शिरोळपर्यंत बघावं तिकडं ऊस. आणि त्या उसाच्या राजधानीत आम्ही रेशनकार्ड हातात धरून रांगेत उभं राहायचं आणि घरी न्यायची काय, तर ओली, करडी, खडे आणि सुतळ्या मिसळलेली साखर! मी पत्रक काढलं. 'नागरिकांनो, तुम्ही साखर खाता की पोतं?' असा मथळा, खाली अकरा मुद्दे. पुरवठा कचेरीवर मोर्चा ठरला. घरटी एक वाटी रेशनची साखर गोळा केली आणि पत्र्याच्या डब्यात भरून वर चिठ्ठी डकवली: 'जनतेचा पुरावा'. डबा ठेवायचा कुणाकडे, यावर चर्चा झाली. अंधार पडल्यावर तोंडात काही न घालणारी एकच व्यक्ती गल्लीत होती. निदान रात्री तरी पुरावा सुरक्षित राहील, म्हणून डबा अक्कांकडे गेला. दिवसाचा विचार कुणी केलाच नाही.

मोर्चा झकास निघाला. अक्काही डबा पदराखाली धरून चालत होत्या, अर्थात खाली बघत बघत, त्यामुळे मोर्चाही त्याच चालीनं निघाला होता. साहेबांच्या टेबलावर मी डबा आपटला. "साहेब, जनतेला काय खायला घालता ते एकदा डोळ्यांनी बघा!" असं गरजून झाकण उघडलं.

आत टॉफी. काठोकाठ. लोण्याचा आणि चॉकलेटचा वास कचेरीभर पसरला. मागच्या टेबलावरचे दोन कारकून उठून उभे राहिले.

"अक्का!" मी ओरडलो. "पुरावा कुठाय?"

"त्योच की ह्यो. मुंग्या लागल्या हुत्या रं त्याला. झाकण लावून एवढ्या लांब आणला असता तर आत जीव गुदमरलं असतं. मग केली टापी."

"अहो, पुरावा होता तो!"

"पुरावा म्हणून नासवायची व्हय? खायाची वस्तू हाय."

साहेबांनी एक तुकडा तोंडात टाकला, मग दुसरा. "फारच छान झालीय," ते म्हणाले. "मग तक्रार नेमकी काय आहे तुमची?" लोक हसले. माझे लोक, माझ्या मोर्चातले! माझे कान तापले. जमीन दुभंगावी म्हणतात ती ही वेळ. वर साहेब अक्कांना म्हणतात, "आजी, कृती सांगा. घरी सांगतो करायला."

अक्का खुर्ची ओढून बसल्या. "सांगते की, पावणं. आधी साखर पसरायची आन् खडं येचायचं. ह्यात ओंजळभर निघालं. मग सुतळ्या काढायच्या. मग मुंग्या, एकेक, हळू. मग पाणी घालून उकळायची आन् वाईच दूध सोडायचं. काळा फेस वर येतोय, त्यो काढून टाकायचा. परत दूध, परत काळा फेस. अय्यो, किती काढला तरी काळाच! म्हटलं ही साखर हाय का मोरीचं पाणी? सांजच्याला कुठं पांढरी झाली. मग बिस्किटं मांडायची..."

बिस्किटांपर्यंत पोचायच्या आधीच साहेबांचं चावणं थांबलं होतं. थुंकावं तर चारचौघांत, आणि टॉफी दाढेला बसलेली. डोळे मिटून त्यांनी गिळलं. "कुठली साखर म्हणालात ही?"

"तुमचीच की. रेशनची. आमाला दुसरी कोण देतंय?"

साहेब त्याच पावली गाडी काढून गोदामावर गेले. पुढच्या महिन्यात दुकानात कोरडी, पांढरी साखर आली. माझं पत्रक? ते त्यांनी वाचलं नाहीच. कारकुनांनी उरलेल्या टॉफीच्या पुड्या त्यात बांधून घरी नेल्या. अकरा मुद्दे! अक्कांशी मी आठवडाभर बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण रोज त्या दारातनं विचारायच्या, "जेवलास का रं?" आणि मी दारातनंच "हो" म्हणायचो.

गेल्या वर्षी त्यांना नीट दिसेनासं झालं आणि लेक त्यांना हातकणंगल्याला घेऊन गेली. परवा आम्ही रॉकेलच्या भेसळीवर मोर्चा नेला. पुरावा या खेपेला माझ्या खोलीत, बाटलीत, बुचाला लाख लावून ठेवला होता. कुणी हात लावला नाही. तो जसाच्या तसा मी साहेबांपुढे ठेवला. त्यांनी बाटली उजेडात धरली, "बघतो" म्हणाले आणि फायलींच्या कपाटावर ठेवून दिली. तिथं आधीच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या.

संतापानं फणफणत गल्लीत आलो. अक्कांच्या दाराला कुलूप होतं. तरी पाय थांबलेच. संध्याकाळ झाली होती आणि सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. तसं मला कुणी विचारलंही नव्हतं.