घांगळीमधली शांतता

मंडळी, आपल्या कम्युनिटी रेडिओसाठी सहसा ऐकू न येणारं संगीत शोधत आज तलासरीजवळच्या एका पाड्यावर गेले होते. तिथले एक म्हातारे बाबा घांगळी वाजवतात, म्हणजे भोपळ्यांचं तंतुवाद्य.

रेकॉर्डिंग चालू असताना ते मध्येच थांबायचे, गप्प बसायचे आणि पुन्हा वाजवायला लागायचे. मला वाटलं, विसरतात.

“बाबा, मध्येच का थांबता?”

“इथं बायको गायची. आता ती नाही. तिची जागा सोडतो.”

डहाणूला स्टुडिओत परतल्यावर सहकारी म्हणाला, “रिकामी जागा काप. लोकांना वाटेल, स्टेशन बंद पडलं.”

मी कापली नाही. संध्याकाळी तसंच लावलं.

नरपडहून एकाच श्रोत्याचा फोन आला. “ताई, मध्ये आवाज गेला होता.” मी काही सांगायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

तेव्हापासून स्टुडिओत एकटीच बसलेय. तुम्ही कापली असती का?