काठाचा धागा

आमच्या घरी चांगली मासळी ताटात येत नसे. सिरोंच्याजवळ गोदावरीत बाबा जाळं टाकत. मोठे मासे बाजारात जात, आम्हाला काटेरी बारीक उरत. पाणी आटलं की आई कापूस वेचायला कोरपन्याच्या शेतांत जाई आणि मी घर सांभाळून शाळा करी. घरातली पहिली पदवीधर मीच, हे मी आजही मोठ्यानं सांगते.

चंद्रपुरात परदेशी मालाची कागदपत्रं करणाऱ्या कस्टम एजंटाकडे मी उमेदवारीवर लागले. एकदा कारखान्याच्या गणवेशासाठी मागवलेल्या निळ्या पॉलिस्टर कापडाचा तुकडा माझ्या टेबलावर आला. आयात शुल्कासाठी त्याचा वर्ग ठरवायचा होता. धागा अखंड तंतूंचा असेल तर शुल्काच्या यादीतला चोपन्नावा अध्याय, आखूड तंतू कातून केलेला असेल तर पंचावन्नावा. मी धागा ओढला, पीळ सोडला. तंतू सलग लांब होते. चोपन्न लिहून दिलं.

जेवताना एकदम आठवलं. मी धागा काठाचा ओढला होता! जाळं घेताना आमच्याकडे आधी काठ तपासतात, कारण ओढ तिथं बसते. हात सवयीनं तिकडेच गेला. पण कापडाच्या काठाला कधी कधी वेगळा, मजबूत धागा घालतात.

पळत येऊन मधले धागे ओढले, उभा आणि आडवा. पीळ सोडताच दोन्ही धाग्यांचे आखूड तंतू बोटांत सुटे झाले. म्हणजे पंचावन्न! चुकीचं गेलं तर माल नागपूरच्या कस्टममध्ये अडकणार, व्यापाऱ्याला नोटीस येणार आणि माझी नोकरी जाणार.

कस्टमचे अर्ज भरणारे ऑफिसातले जुने कारकून, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, कॉम्प्युटरवरच होते.

"भाऊ, ते पाठवलं काय?"

"पाठवूनच राह्यलो. काऊन वो बाई, भूत पाह्यलं काय?"

"थांबा! मी काठाचा धागा पाह्यला."

त्यांनी कीबोर्डवरून हात उचलला. "ग्रॅज्युएट बाई, लुगडं नेसता का नुसता काठच?"

मला हसू आलं नाही. एजंट साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी तुकडा उलटापालटा केला.

"नमुना कस्टमच्या प्रयोगशाळेत जाईन. तिथं दुसरं निघालं त उद्यापासून येऊ नको म्हणा लागन मले."

"पंचावन्नच हाये सर," मी म्हटलं. भाऊंनी अर्जात पंचावन्न भरून पाठवलं.

अहवाल येईपर्यंत ऑफिसचा फोन वाजला की मी दचकायची. शेवटी अहवाल आला: आखूड तंतूंचं कापड, पंचावन्नावा अध्याय. माल सुटला, आणि साहेबांनी मला नोकरीत कायम केलं.