दहापैकी चार

हरेश्वर गेल्याची बातमी दांडीहून आलेल्या त्याच्या चुलतभावाने मला शाळेच्या पटांगणातच सांगितली. सायकलवरून बोईसरला जाताना छातीत कळ आली, रस्त्याच्या कडेला बसला, तो उठलाच नाही. वय चव्वेचाळीस. मी मुलांना वर्गात पाठवलं आणि... आता लिहायला बसलोच आहे तर खरं लिहितो. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की यंदा गोलकीपर निवडताना तो माझ्या शेजारी नसेल. त्या विचाराने क्षणभर मला हलकं वाटलं. याला आता सात आठवडे झाले, पण ते हलकं वाटणं अजून छातीवर बसून आहे.

तालुक्याच्या कुमार हॉकी संघाचे गोलकीपर आम्ही दोघं मिळून निवडत असू. मी पालघरच्या शाळेत व्यायामशिक्षक, रीतसर प्रशिक्षण घेतलेला. हरेश्वर तामोरे तारापूरच्या शाळेत गणित शिकवायचा. मास्तर होण्याआधी तो मुंबईच्या गोदीत कामाला होता आणि तिथल्या संघात चार वर्षं गोलात उभा राहिला होता, एवढीच त्याची पात्रता. माझ्याकडे तक्ते असत. उभं राहण्याची ढब, पायांची हालचाल, किक, काठीचा हात, धीर, प्रत्येकाला दहा गुण. मी रकाने भरत असताना हरेश्वर गोलखांबामागे उकिडवा बसून नुसती मुलांची पावलं बघत राही, आणि अर्ध्या तासात उठून म्हणे, "तो तिसरा. बाकीच्यांना आपण उगाच दमवतोय." संध्याकाळी माझी बेरीजही बहुधा तिसऱ्यावरच येऊन थांबे. पुढे तारापूरला अणुवीज प्रकल्पाचं काम निघालं, बोईसरला उत्तरेकडची माणसं आली, त्यांच्यात हॉकी खेळलेले पुष्कळ. रविवारी ते मैदानावर येत आणि मला विचारत, "तामोरे साहब कहाँ हैं?" तक्ता हातात धरून मी समोर उभा असायचो.

मग लहानूचं वर्ष आलं. लहानू मनोरकडच्या एका पाड्यावरचा, आईबाप डोंगरउतारावर पावसाच्या भरवशावर नाचणी करणारे. शेवटी दोघंच उरले होते, तो आणि माझ्या शाळेचा शशिकांत. शशिकांत पुस्तकातल्या चित्रासारखा उभा राही. लहानू जरा वाकडाच. पण चेंडू त्याच्या पॅडवर आदळला की तो पाय किंचित मागे घेई, चेंडू मेल्यासारखा तिथंच पडे आणि मग तो सावकाश लांब मारून देई. शशिकांतच्या ताठ पॅडवरून मात्र चेंडू उसळून पुन्हा मैदानात जाई. हे मला दिसलं होतं. हरेश्वर बोलायच्या आधी दिसलं होतं. आणि म्हणूनच की काय... मी लहानूच्या नावापुढे 'पाय मागे घेतो' असा शेरा लिहिला आणि पायांच्या हालचालीला दहापैकी चार गुण दिले.

"चार?" हरेश्वरने विचारलं.

"तक्त्यात बसत नाही तो."

त्याने तक्ता माझ्या हातात परत दिला. "बरं. सही तुझी हाय," एवढंच म्हणाला.

जिल्ह्याच्या सामन्यात शशिकांतच्या पॅडवरून उसळलेला चेंडू थेट समोरच्या मुलाच्या काठीवर गेला आणि आम्ही त्या एका गोलाने हरलो. परतताना मी मनात उत्तरं जुळवत होतो. स्टेशनवर हरेश्वर भेटला, चहा घेतला आणि शशिकांतकडे बघत विचारलं, "पोरगा जेवला काय?" बस्स. त्याने मला टोचून बोलायला हवं होतं. न बोलून तो माझ्यापेक्षा मोठा झाला, ते मला सहन होईना.

पुढल्या वर्षी लहानू शाळेत आलाच नाही. घरची सगळी वैतरणेच्या खाडीवर रेतीच्या कामाला गेली होती. हरेश्वरने दोन रविवार खाडीचे काठ पालथे घातले, बापाला समजावलं आणि मुलाला दांडीला स्वतःच्या घरी आणून तारापूरच्या शाळेत घातलं. त्या वर्षी मी नऊ गुण दिले. द्यावेच लागले. संघ जिंकून आला, पालघरला सत्कार झाला, अध्यक्षांनी मला रत्नपारखी म्हटलं आणि हार घातला. हरेश्वर तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत होता. दोन शब्द बोलायला मला उभं केलं तेव्हा त्याचं नाव घ्यायला किती वेळ लागला असता... मी घेतलं नाही. खाली उतरलो तर लहानू माझ्या अंगावरून पुढे गेला आणि हरेश्वरच्या पायाशी वाकला. गळ्यात हार असताना मी जळत होतो.

परवा दांडीला हरेश्वरच्या घरी गेलो. यमुनावहिनी अंगणात बोंबील वाळत घालत होत्या. घराच्या मागच्या बाजूला लहानू बसला होता, उंच, रुंद खांद्यांचा. डोक्यावर नुकते उगवलेले खुरटे केस. हरेश्वरला मूलबाळ नव्हतं. "अग्नी यानंच दिला," वहिनी म्हणाल्या. माझ्या हाताखालून शंभर मुलं गेली असतील. त्यांतलं एकही माझ्यासाठी केस उतरवणार नाही, हे त्या क्षणी मला कळलं.

वहिनी चहा करायला आत गेल्या तेव्हा मी लहानूला म्हणालो, "पहिल्या वर्षी मी तुला चार गुण दिले. तुझं काही चुकलं नव्हतं. मला दिसत होतं."

"मास्तरांनी सांगलेलं मला," तो खाली बघत म्हणाला.

"काय सांगितलं?"

"बोलले, सावे सरांना समदं दिसतं. यंदा त्यांच्याच्यान देववलं नाय. फुडल्या साली देतील."

त्याच्या पाठीमागची भिंत गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत चेंडूच्या गोल डागांनी भरली होती, कोळशाने ओढलेल्या दोन गोलखांबांच्या मधोमध गिलावा पार निघाला होता. बाकी घराला ताजा चुना होता. ही तेवढी भिंत वहिनींनी तशीच ठेवली आहे. लहानूही वळला, आणि चहा येईपर्यंत आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो.