चौसष्टची जोडी

लातूरच्या त्या लग्नाचं शूटिंग मी केलं तेव्हा नवरीच्या वडिलांचा पाय एका जागी ठरत नव्हता. पाहुण्यांना जेवणाचा आग्रह करत फिरायचे, आणि कॅमेरा आपल्याकडे वळला की एकदम ताठ उभे राहायचे. लग्नानंतर थोड्याच दिवसांत हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले. मी नांदेडला घरीच एडिटिंग करते. त्या नवरीचा फोन आला तेव्हा फिल्म अर्धीच झाली होती.

"ताई, रविवारी पप्पांचा जलदान विधी आहे, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. तोवर होईल का? आणि त्यांचा आवाज असेल का हो त्यात?"

"आहे. होईल," मी म्हणाले.

म्हणाले खरी, पण कॉम्प्युटर साथ देईना. तो माझा आणि धाकट्या भावाचा मिळून घेतलेला. भाऊ इथंच विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकतो आणि गेमिंगच्या स्पर्धांत उतरतो. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड सगळं भारीतलं, पण रॅम बत्तीस जीबीच, सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या. त्याच्या खेळाला ती पुरायची. मी मात्र तीन कॅमेऱ्यांचे व्हिडिओ एकदम उघडले की रॅम भरायची आणि पडदा थिजायचा.

"आहे तसलीच अजून एक जोडी टाकू," भाऊ म्हणाला. "चौसष्ट होते, अन् स्पीड पण राहतो."

चार पट्ट्यांपेक्षा दोन मोठ्या पट्ट्या बऱ्या, असं मी वाचलं होतं. पण नांदेडच्या दुकानात बत्तीस-बत्तीसची तशी जोडी नव्हती, मागवायची तर रविवार उलटला असता. दुकानदारानं आमच्याच कंपनीची, त्याच नंबरची जोडी पुढ्यात ठेवली. "सेम टू सेम हाय ताई, बिनधास्त टाका."

टाकली. काम पळायला लागलं. शुक्रवारी सकाळी फिल्म तयार करून बघायला बसले, तर वडील भाषणाला उभे राहतात तिथं त्यांच्या चेहऱ्यावर हिरव्या चौकोनांचा पट्टा. पुन्हा काढली. आता चेहरा नीट, पण पुढं आवाज तुटला आणि मशीन आपोआप बंद पडून सुरू झालं.

कॅमेऱ्याची कार्डं रिकामी करून पुढच्या लग्नाला वापरून झाली होती. मूळ व्हिडिओच बिघडले असतील तर? मी हार्ड डिस्क घेऊन शेजारच्या मैत्रिणीकडे गेले आणि तिच्या लॅपटॉपवर तेच भाषण लावलं. नीट चाललं. ती कॉपी नवी रॅम यायच्या आधीची होती, म्हणून वाचली.

घरी भावानं रॅमची चाचणी लावली. चारही पट्ट्या एकत्र असल्या की पडद्यावर चुकांच्या लाल ओळी. कुठलीही एक जोडी काढली की एकही नाही, पण मग रॅम पुन्हा बत्तीसच. त्यानं स्पीड खाली आणला आणि परत चाचणी लावली. बराच वेळ काही आलं नाही. मग एक लाल ओळ आली.

"एकच हाय," तो हळूच म्हणाला.

"एक बी नको. ती कोणत्या फ्रेमवर बसेल, सांगता येतं का तुला?"

तो फोन घेऊन एकेका दुकानाला विचारत बसला. शेवटी लातूरच्या एका दुकानात बत्तीस-बत्तीसची जोडी निघाली.

"स्पीड थोडा कमीच हाय तिचा," तो म्हणाला. रविवारी याच कॉम्प्युटरवर त्याचा स्पर्धेचा सामना होता, हे मला माहीत होतं. मी विचारायच्या आत त्यानं टीमला फोन लावला. "मला जमणार न्हाई. दुसरा घ्या कुणीतरी."

शनिवारी पहिल्या बसनं निघालो. रॅम घेऊन नांदेडला परतायचं आणि फिल्म काढून पुन्हा लातूर गाठायचं, एवढा वेळ नव्हता, म्हणून कॉम्प्युटरच सोबत घेतला. ग्राफिक्स कार्ड काढून टॉवेलात गुंडाळलं, कॅबिनेट रजईत बांधून मांडीवर. लोह्याच्या पुढं रस्ता खराब. प्रत्येक खड्ड्याला भाऊ दोन्ही हातांनी कॅबिनेट उचलून धरायचा.

"काय हाय एवढं?" कंडक्टरनं विचारलं.

"कॉम्प्युटर."

"लेकरावानी धरून राहिलात की!"

लातूरच्या दुकानात ग्राफिक्स कार्ड आणि नवी जोडी बसवली, बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच. आम्ही वाट बघत राहिलो. काळाच. दुकानदार बटणाकडे हात न्यायला लागला तसा भाऊ ओरडला, "बंद करू नका! नवी रॅम हाय, पहिल्यांदा वेळ घेते." बसमध्ये काही हललं असेल, तुटलं असेल, काय काय मनात येत होतं. शेवटी पडदा उजळला. चौसष्ट. तिथंच चाचणी लावली आणि ती संपेपर्यंत आम्ही स्टुलावरून उठलो नाही. एकही लाल ओळ नाही.

तिथून थेट मुलीच्या माहेरी. त्यांच्या टीव्हीलाच कॉम्प्युटर जोडला. बाहेर मांडववाले खांब रोवत होते, आत मी फिल्म पुन्हा काढायला लावली. मुलगी माझ्या शेजारी बसून पुढं सरकणाऱ्या टक्क्यांकडे बघत होती. शंभर झाले तरी माझा विश्वास बसेना. "आधी पूर्ण बघू," मी म्हणाले.

भाषण स्वच्छ होतं. मग पाठवणीचा प्रसंग आला. वडील कॅमेऱ्यात दिसत नाहीत, फक्त आवाज येतो: "गाडीत पाणी ठेवलंय गं. घाटात थोडं थांबा."

मुलीनं तोंडावर पदर दाबला. दारात तिची आई केव्हा येऊन उभी राहिली, कळलं नव्हतं.

"परत लावता का बाई तेवढं?"

लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. मग त्या म्हणाल्या, "उद्या लोकांना भाषण दाखवा. हे नका दाखवू. हे आमच्याजवळ राहू द्या."

मी तेवढा तुकडा कापून वेगळ्या पेन ड्राइव्हमध्ये घातला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मुठीत धरला, आणि भावाला विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं का रे तुम्ही?"