त्र्याऐंशीने भागायचं राहिलं

आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख ठरली की मला ८०५१ आठवते. ही मूळ संख्या आहे का, ते गणिताच्या बाईंनी मला तपासायला सांगितलं होतं. भागायला फक्त ८३ आणि ८९ उरल्या होत्या, तोच मैत्रिणींनी जत्रेची एसटी आली म्हणून हाक मारली. "सगळ्यांनी भागून बघलंस मा गो?" बाईंनी नंतर विचारलं. "होय," मी म्हणाले. पाहुण्या प्राध्यापकांसमोर बाईंनी ती मूळ संख्या म्हणून फळ्यावर लिहिली. प्राध्यापकांनी हसत खाली ८३ × ९७ लिहिलं. "चूक माझी," बाई म्हणाल्या. पुढे घरातली पहिली पदवीधर म्हणून मी त्यांना पेढे द्यायला गेले, तेव्हा त्या माझ्याकडे बोट दाखवत शेजारणीला म्हणाल्या, "ह्या चेडू काम कधी अर्ध्यार सोडूचा नाय." मी नुसती हसले. बाई आता नाहीत. ते हसणं अजून सलतं.