न टोचलेली अंडी

प्रयोगशाळेत तिला सगळे सुईताई म्हणत. खसखशीहून बारीक असं डासाचं अंडं भिंगाखाली धरायचं, केसासारखी काचेची सुई टोचून त्यात नवी जनुकं सोडायची, म्हणजे पुढे रोग न पसरवणारे डास निपजतील. एकवीस वर्षं ती हेच करत होती. शंभरातली वीस-पंचवीस अंडी जगली तरी प्रमुख बाई खूश असत.

तीन महिन्यांपासून मात्र जेमतेम दोन-तीन जगत होती. कोणी शब्दानं बोललं नाही, तेच तिला जास्त लागलं. त्यात हल्ली हाताला कंप जाणवायचा. वडिलांचे हात याच वयात कंपानं निकामी झाले होते.

"मी आता काम सोडते," ती जावेला म्हणाली. "जीव घ्यायलाच का तिथं बसायचं?"

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"नाही."

"मग स्वतःच निकाल लावून मोकळी झालीस! आधी खात्री तर कर."

जावेचं बोलणं डोक्यात घोळत राहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं ताज्या अंड्यांच्या दोन ओळी मांडल्या. एक टोचली, दुसरीला सुई लावलीच नाही. चार दिवसांनी पाहते तो काय, दोन्ही ओळी मनुकांसारख्या सुरकुतलेल्या!

ती धावतच प्रमुख बाईंकडे गेली. "बाई, न टोचलेलीही मेली!"

"अहो, मग हसताय काय?"

"म्हणजे दोष सुईचा नाही. माझ्या हाताचाही नाही!"

दोघी टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. वरून गार वारा थेट मानेवर येत होता. तीन महिन्यांपूर्वीच नवा एसी बसवला होता. ओळ मांडून होईपर्यंत अंडी वाऱ्यानं वाळून जात होती, आणि एवढ्या दिवसांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

सुईताईनं झोताचं तोंड फिरवलं, अंड्यांखाली ओला टीपकागद ठेवला आणि एका वेळी शंभराऐवजी पंचवीस-पंचवीस अंडी घ्यायला सुरुवात केली. अशा चार ओळींतल्या शंभर अंड्यांतून एकतीस अळ्या पाण्यात वळवळल्या. तिनं त्या दोनदा मोजल्या, मग खुर्चीत बसून डोळे पुसले.

कंप थायरॉइडचा निघाला. गोळ्यांनी उतरेल, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्याबाहेर जाऊबाई थांबल्या होत्या.

"काय गं, किती जगले तुझे?"

"एकतीस!"

"धन्य आहेस बाई! लोक डास मेला की सुटलो म्हणतात."

"मी म्हणते, जगला की सुटले," ती म्हणाली, आणि दोघी भर रस्त्यात हसत सुटल्या.